टाकीवरचा कागद

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो रात्री मोठे करकरून पाहिले. शेव्हरोले कंपनीची १९७० ची शेव्हेल, समोरच्या जाळीवर ‘एसएस’ (सुपर स्पोर्ट, म्हणजे तिचा जोरदार अवतार), आणि मागच्या चाकांभोवतीचा पत्रा पार कुजलेला. इथे मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने ही दशा होते. पत्र्याची काळजी सोड, ते अख्खं पॅनेल आजही नवं मिळतं. मला धास्ती वाटली ती तुझ्या शेवटच्या वाक्याची : ‘या शनिवारी सगळी उघडून टाकते.’ तेवढी घाई करू नकोस.

तुझी गाडी खरीच एसएस आहे का, हे डॅशबोर्डवरच्या नंबरावरून कळणार नाही. तो १३६३७० ने सुरू होतो ना? पहिला १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे व्ही-एट, आठ सिलिंडरच्या इंजिनाची मालिबू (शेव्हेलचंच एक मॉडेल), ३७ म्हणजे दोन दारांची कूप आणि शून्य हे १९७० साल. पुढचं ‘एफ’ म्हणजे आपल्या फ्लिंट गावातला कारखाना. एसएस हे त्या वर्षी मालिबूवर जादा पैसे देऊन घ्यायचं पॅकेज होतं. साधी व्ही-एट मालिबू असो की ४५४ घनइंच इंजिनाची, ४५० हॉर्सपॉवरची एसएस, सुरुवातीचे आकडे तेच. त्यामुळे पुढे कितीतरी मालिबूंना बिल्ले लावून एसएस केलं गेलं. तसं उघड सांगून केलं असेल तर माझी काहीच तक्रार नाही. पण तुला खरं काय ते माहीत असायला हवं. जुन्या पाँटिअ‍ॅक कंपनीच्या गाडीची कारखान्यातली नोंद मागवता येते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या काळच्या शेव्हरोलेची तशी गाडीवार नोंद मिळत नाही. जी काही साक्ष आहे ती गाडीच्या अंगावरच.

आणि त्यातली सगळ्यात मोलाची साक्ष अनेकदा पेट्रोलच्या टाकीवर असते. गाडी जोडताना कामगारांसाठी एक छापील कागद निघायचा, कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, कुठली सीट, सगळं त्यावर. तो बरेचदा टाकीच्या माथ्यावर चिकटवलेला असायचा. टाकी आणि डिकीचा तळ यांच्या फटीत तो पन्नास वर्षं पडून राहतो. ओल खातो, उंदीर कुरतडतात, कधी पापडासारखा तडकलेला असतो. टाकीखाली फळी आणि जॅक लावायचा, दोन्ही पट्टे थोडे थोडे सैल करायचे, आणि चार बोटं खाली आली की थांबायचं. आधी टॉर्च, मग फोटो, मग हात. चिकटला असेल तर ओढायचा नाही. आणि त्यावरचा नंबर तुझ्याच गाडीचा आहे ना, ते ताडून बघायचं. दुसऱ्याच गाडीचा कागद निघाल्याचीही उदाहरणं आहेत. मुळीच निघाला नाही, तर मागचा अ‍ॅक्सल बारा बोल्टांचा आहे का ते मोज, एसएसची तीही एक खूण.

इंजिनाचं सांगताना मला अजून त्रास होतो. माझ्या पहिल्या शेव्हेलचा ब्लॉक मी एका मशीन शॉपला दिला होता. उजव्या हेडच्या अगदी पुढे एक छोटी सपाट जागा असते. तिथे इंजिनाचा कोड आणि गाडीच्या नंबराचा काही भाग ठोकलेला असतो. ब्लॉकचा माथा सपाट करताना कटर तिच्यावरूनही फिरला. ब्लॉक घरी आला तेव्हा ती जागा आरशासारखी चकाकत होती. मी त्यावरून नख फिरवून पाहिलं. काहीच लागलं नाही. ‘ही जागा सोडा’ एवढं मी चिठ्ठीवर लिहून दिलं नव्हतं. तू ती जागा वायर ब्रशने घासू नकोस. चिंधीला रॉकेल लावून हळूच पूस, फोटो काढ, आणि चिठ्ठी लिहिल्याशिवाय इंजिन कोणाच्या हाती देऊ नकोस.

इंजिनच्या मागच्या पत्र्यावर खडूच्या खुणा दिसल्या तर त्याही तशाच ठेव. फ्लिंटमधल्या कुणाच्या तरी हाताच्या आहेत त्या. माझे वडील स्कूटर उघडायचे तेव्हा वर्तमानपत्रावर बोल्ट काढल्या क्रमाने मांडायचे आणि शेजारी पेन्सिलीने लिहायचे. तू पिशव्या आणि चिठ्ठ्या वापर, पण क्रम तोच ठेव.

त्या वर्षाचं महत्त्व लक्षात असू दे. १९७० मध्ये शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने मधल्या आकाराच्या गाड्यांच्या इंजिनांवरची ४०० घनइंचाची मर्यादा उठवली, आणि १९७१ मध्ये कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी इंजिनांचं कॉम्प्रेशन (आतला दाब) खाली आणलं, त्याने त्यांचा जोर घटला. विम्याचे हप्तेही तरुणांना झेपेनासे झाले. तुझी गाडी त्या एकाच वर्षाची आहे.

आणखी एक काम, ते आजच कर. ज्या आजोबांनी तुला गाडी विकली त्यांनी ती नवी घेतली होती ना? त्यांना फोन कर. वॉरंटीच्या पुस्तिकेत एक छोटी धातूची पट्टी असायची, तीही गाडीची साक्षच, ती घरात कुठे आहे का विचार. मग त्यांना बोलू दे. पहिल्या दिवशी कुठे गेले, शेजारी कोण बसलं होतं, सगळं रेकॉर्ड करून ठेव. त्यांचं वय तू मला सांगितलंस, म्हणून म्हणतो, आजच.

शनिवारी सकाळी मी येतो. गाडी उचलून टेकवायला माझ्याकडचे चार स्टँड घेऊन येईन. तोवर टाकीतलं पेट्रोल एकटीने काढू नकोस. बॅटरी सोडवून, गाडी बाहेर मोकळ्यावर घेऊन ते आपण दोघं मिळून करू.

तुझा,
काका