आधी पेटी उघड

नौपाडा, ठाणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात इराकमधल्या ‘बसऱ्याच्या लढाईत’ गेले, तर तिथल्या स्मारकावर त्यांचं नाव असेल ना, असं विचारलंस. स्मारकाच्या भिंतीवर नसणार. ११०वी मराठा लाइट इन्फंट्री म्हणतोस, म्हणजे इराकमधलंच कुत हे गाव. डिसेंबर १९१५ पासून तिथे तुर्कांचा १४७ दिवसांचा वेढा, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. अख्खी पलटण तुर्कांच्या कैदेत गेली. १९२९ साली बसऱ्याला स्मारक झालं, ४० हजारांवर मृतांचं. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचंही. आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा.

मीही आकड्यावरच समाधान मानलं होतं. साताऱ्याजवळच्या ‘अपशिंगे मिलिटरी’ या गावात उमेदीच्या वयात स्तंभापुढे हात जोडले, फोटो काढला, परतलो. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ गेले हे पाठ. त्यातला एकही माणूस ठाऊक नाही. म्हणून ऐरोलीच्या सोसायटीतला तुझा १५ ऑगस्टचा फलक जरा थांबव. ‘शूरवीर’ वगैरे नंतर लिहिता येईल.

गावच्या घरातली जुनी पेटी आधी उघड. पदक सापडलं तर त्याची कड बघ: नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथेच कोरलेली असते. चकाकावं म्हणून ब्रासो मारू नकोस, अक्षरं झिजतात. कदाचित बशीएवढी काशाची जड चकतीही निघेल, मोडीत गेली नसेल तर. मृताच्या वारसाला ती मिळायची. तिच्यावर हुद्दा नाही, फक्त नाव. सुभेदार असो की शिपाई. सरकारला एवढं सुचलं होतं, मग भिंतीवर काय आडवं आलं कोण जाणे!

नंबर मिळाला की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धातल्या मृतांच्या कबरी नि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर जा. भिंतीवर नसलेली बरीच नावं तिथे आहेत, काहींच्या पुढे बापाचं नाव, गाव, तालुकाही. नुसतं आडनाव टाकून बसू नकोस; साहेबाच्या कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलंय. पलटण आणि बसरा निवडून यादी सावकाश खाली वाच. मग मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या सेंटरला पत्र टाक, नंबरासकट.

गावी चुलत आजी आहेत म्हणालास. त्यांना आजच फोन कर. पेटीची किल्ली त्यांच्याकडेच असणार.

तुझा,
काका