चालू घडामोडी घेऊन इंग्रजीच्या तासाला ओळख, कला, स्मृती हे विषय कसे शिकवावेत?

तुमची अडचण थोडक्यात अशी: चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवताना बातम्यांमधून हे विषय घ्यायचे आहेत, पण तास दर वेळी ‘तुला काय वाटतं?’ इथे येऊन अडकतो. चार बोलकी मुलं बोलतात, बाकीची ‘आय थिंक इट इज बॅड’ लिहून मोकळी होतात.

मत पहिल्या दिवशी विचारूच नका. तीन तास शब्दांवर घालवा. चौथ्या तासाला मत आपोआप येतं आणि तोवर ते मांडायला मुलांकडे वाक्यं जमलेली असतात. एक बातमी, एक वस्तू, चाळीस मिनिटांचे चार तास, एवढाच पसारा ठेवा.

बातमी कालची नको. तिचे तपशील रोज बदलतात आणि घरी जे ऐकलं तेच मुलं वर्गात बोलतात. जिच्या मागे दोन-तीन वर्षांचा माग आहे आणि जिच्या मध्यभागी फोटोत बोट ठेवून दाखवता येईल अशी वस्तू आहे, ती निवडा. पद्धत अंगवळणी पडली की मग ताज्या बातमीला तीच लावा. सुरुवातीला मी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातला एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा सुचवेन. कोल्स्टन सतराव्या शतकातला व्यापारी. शहराला त्याने भरपूर दानधर्म केला, पण गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो पदाधिकारी होता. 7 जून 2020 रोजी आंदोलकांनी त्याचा ब्राँझचा पुतळा दोरांनी ओढून पाडला, रस्त्यावरून लोळवत नेला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला. 11 जूनला पालिकेने तो बाहेर काढला. पुढच्या वर्षी तो शहरातल्या एम शेड संग्रहालयात ठेवला गेला, उभा न करता आडवा आणि आंदोलकांनी अंगावर फासलेला रंग तसाच राखून. जानेवारी 2022 मध्ये पुतळा पाडल्याच्या खटल्यातले चार आरोपी न्यायालयात निर्दोष सुटले.

पहिला तास क्रियापदांचा. फळ्यावर मराठीत लिहा: पुतळा पडला. पुतळा पाडला. लोकांनी पुतळा पाडला. पुतळा पाडण्यात आला. विचारा, कुठल्या वाक्यात माणूस दिसतो आणि कुठल्यात लपतो? पडणे आणि पाडणे यांतला फरक मुलांना उपजत कळतो, तो शिकवावा लागत नाही. तिथूनच इंग्रजीत शिरा: ‘द स्टॅच्यू फेल’, ‘द स्टॅच्यू वॉज टॉपल्ड’, ‘प्रोटेस्टर्स पुल्ड डाउन द स्टॅच्यू’. कर्मणी प्रयोग कशासाठी असतो हे व्याकरणाच्या पुस्तकातून जेवढं कळत नाही तेवढं या तीन वाक्यांतून कळतं.

मग एकाच घटनेच्या तीन बातम्या द्या: एक दुसऱ्या दिवशीची, एक पुतळा संग्रहालयात आला तेव्हाची, एक निकालाची. प्रत्येकीचा 120 ते 150 शब्दांचा तुकडा पुरे. मुलं दोनच गोष्टी अधोरेखित करतील, क्रियापदं आणि माणसांसाठी वापरलेली नामं. प्रोटेस्टर्स, क्राउड, मॉब, ॲक्टिव्हिस्ट्स यांतलं कोण कुठे आलं ते वहीत दोन रकान्यांत मांडायचं. निकालाच्या बातमीत ‘अक्यूज्ड’ आणि ‘क्लिअर्ड’ यांच्याकडे आवर्जून लक्ष वेधा, कारण मुलं ‘अक्यूज्ड’चा अर्थ सर्रास ‘गुन्हेगार’ असा घेतात.

इथे शिक्षकांचीच एक चूक होते. तुकडा अवघड वाटला की तो सोपा करून लिहिला जातो आणि ‘टॉपल्ड’, ‘टोर डाउन’, ‘ब्रॉट डाउन’ या सगळ्यांच्या जागी ‘रिमूव्ह्ड’ येतं. तास तिथेच संपला म्हणायचा, कारण जे शोधायचं होतं तेच आपण पुसून टाकलं. वाक्यं तोडा, विशेषणं गाळा, पण क्रियापद आणि कर्ता यांना हात लावू नका. अवघड शब्दांचा अर्थ समासात द्या.

दुसरा तास पाटीचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात कसदार. पुतळा बसवला 1895 मध्ये, म्हणजे कोल्स्टन वारल्यावर 174 वर्षांनी. चौथऱ्यावर लिहिलं होतं: ‘इरेक्टेड बाय सिटिझन्स ऑफ ब्रिस्टल ॲज अ मेमोरियल ऑफ वन ऑफ द मोस्ट व्हर्च्युअस अँड वाइज सन्स ऑफ देअर सिटी.’ शहराच्या अत्यंत सद्गुणी आणि शहाण्या सुपुत्रांपैकी एक, असं. आता ‘सिटिझन्स’च्या आधी ‘द’ नाही हे दाखवा. ‘द सिटिझन्स’ म्हटलं असतं तर अख्खं शहर आलं असतं, नुसतं ‘सिटिझन्स’ म्हटल्यावर काही नागरिक एवढंच उरतं. पुतळ्यासाठी काढलेली वर्गणी पुरेशी जमली नव्हती, हे त्यानंतर सांगा. आर्टिकल कंटाळवाणं म्हणणारी मुलं या एका ‘द’वर बराच वेळ वाद घालू शकतात.

2018-19 मध्ये या पाटीशेजारी गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख असलेली दुसरी पाटी बसवायचं ठरलं होतं. मजकुरावरून खडाजंगी झाली, मसुदे बदलले, शेवटी महापौरांनाच शब्दरचना पटली नाही आणि पाटी बसलीच नाही. हेच वर्गाचं काम करा: चार-चारच्या गटाने 40 शब्दांत नवी पाटी लिहायची. एकही शब्द जास्त नको, कारण जागा कमी पडली की प्रत्येक शब्दाचा हिशेब द्यावा लागतो. ‘स्लेव्ह’ लिहायचं की ‘एन्स्लेव्ह्ड पीपल’? पहिल्यात गुलामी ही माणसाची जात असल्यासारखी वाटते, दुसऱ्यात ती कोणीतरी लादली हे कळतं. दानधर्म आधी की व्यापार आधी? मध्ये ‘बट’ घालायचं की ‘अँड’? गटांतली ही चर्चा मराठीत झाली तरी चालेल, कागदावर उतरताना मात्र इंग्रजी.

तिसरा तास कलेचा. 15 जुलै 2020 रोजी मार्क क्विन या शिल्पकाराने त्याच रिकाम्या चौथऱ्यावर मूठ उंचावलेल्या एका आंदोलक स्त्रीचं काळ्या रेझिनचं शिल्प विनापरवाना उभं केलं. साधारण दिवसभरात पालिकेने ते काढलं. तीन फोटो शेजारी लावा: ब्राँझचा पुरुष, रेझिनची स्त्री, मोकळा चौथरा. सात मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त दिसतं ते लिहायचं. ‘सॅड’, ‘पॉवरफुल’, ‘ब्यूटिफुल’ या शब्दांना बंदी. हात कुठे आहे, नजर कुठे आहे, पाय कसे आहेत? ‘द स्टॅच्यू हॅड स्टूड देअर फॉर 125 इयर्स’ हे वाक्यही इथेच बसतं, पास्ट परफेक्टला याहून चांगलं उदाहरण सहजी मिळणार नाही.

चौथा तास लेखनाचा. ‘माय आयडेंटिटी’ असा निबंध देऊ नका. मुलं नाव, गाव, छंद लिहितात. मराठीत ‘ओळख’ म्हणजे परिचयही, खूणही आणि अस्मिताही, त्यामुळे त्यांचा फारसा दोष नाही. शिवाय एखाद्या मुलाला तो ज्या समाजाचा आहे त्याचा प्रवक्ता करून उभं करणं टाळाच. वस्तूच्या तोंडून लिहायला लावलं की आडोसा मिळतो आणि ज्याला स्वतःचं सांगायचं असतं तो ते त्यातून सांगतो.

विषयाला धागा मिळतो तो एका तपशिलातून. पुतळा साफ करताना संग्रहालयातल्या लोकांना आत गुंडाळलेलं 1895 चं एक मासिक सापडलं. त्याच्यावर पुतळा बसवणाऱ्या कामगारांनी हाताने आपली नावं लिहिली होती. बाहेर ब्राँझमध्ये एकाचं नाव, आत कागदावर कामगारांची. हे सांगा आणि मुलांना त्या कागदाच्या तोंडून 150 शब्द लिहू द्या. ज्यांना हे जड जाईल त्यांच्यासाठी छोटं काम ठेवा: तोडलेलं झाड किंवा बंद पडलेलं दुकान यासाठी पाच ओळींची पाटी, सुरुवात ‘हिअर स्टूड’ने.

एक चूक हमखास येईल, ‘इट रिमेंबर्स मी’. मराठीत आठवण आपणहून येते, ‘मला आठवतं’ म्हणताना माणूस कर्ता नसतो. इंग्रजीत आठवणारा माणूसच कर्ता असतो. ‘आय रिमेंबर इट’ आणि ‘इट रिमाइंड्स मी ऑफ’ ही जोडी फळ्यावर राहू द्या. वह्या तपासताना लाल पेन क्रियापदं, आर्टिकल आणि या जोडीपुरतंच चालवा. स्पेलिंग दुसऱ्या फेरीत, नाहीतर पुढच्या खेपेला मुलं जे स्पेलिंग येतं तेवढंच लिहितात.