डब्लिनला येताय? मग मुलाचं नाव गेलिक फुटबॉलला घाला

तुम्ही विचारलंय, मार्चमध्ये पुण्याहून डब्लिनला येतोय, दहा वर्षांच्या मुलाचं क्रिकेट सुटेल, त्याच्या खेळाचं काय? क्रिकेटचे क्लब इथे आहेत, आपली मुलं खेळतातही. पण तो मोसम उन्हाळ्यापुरता. माझं ऐकाल तर घर ठरलं की लगेच जवळच्या जीएए (गेलिक खेळांची संघटना) क्लबात नाव घाला. त्याच्या वर्गातली निम्मी पोरं शनिवारी सकाळी तिथेच सापडतील.

खेळ पाहून पटकन कळतो. चेंडू हातात घेऊन चारच पावलं पळायचं, मग जमिनीवर टप्पा द्यायचा किंवा पायावर टाकून परत हातात घ्यायचा, म्हणजे ‘सोलो’. सलग दोन टप्पे चालत नाहीत. क्रिकेटमुळे झेल घेणारे हात तयार असतात, सोलोला मात्र वेळ लागतो. गॅलरीत सराव करू दे. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून गेला तर सहसा १. म्हणून २-७ (आधी गोल, मग गुण) विरुद्ध ०-१२ दिसलं तर गोंधळू नका, पहिला संघ १३-१२ ने पुढे आहे.

साधारण बारा वर्षांपर्यंत ‘गो गेम्स’ असतात. सगळ्यांना खेळायला मिळतं, चषक-बिषक नाही. खरी चॅम्पियनशिप त्यानंतर सुरू होते, आणि तिथून घराचं कॅलेंडर क्लबच्या हाती जातं. वसंतात लीग, ती बरीचशी हात बसवायला. चॅम्पियनशिप बहुतेक उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर: आधी गटातले मोजके सामने, मग बाद फेरी. एक हरलं तरी गणित बिघडतं. नेमके तेव्हाच आपले गणपती! वर्षभर आधी तिकिटं काढणारी मंडळी आपण, आणि प्रशिक्षक जूनमध्येच विचारून ठेवतात, ‘सप्टेंबरमध्ये आहात ना?’ आम्ही आता भारतात जुलैमध्ये जातो. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

संघ ताकदीप्रमाणे वेगवेगळ्या विभागांत लावतात. मुलगा खालच्या विभागात गेला की आपल्या पालकांना ते फार झोंबतं. झोंबू देऊ नका. तिथे त्याला जास्त खेळायला मिळतं. सामन्याची वेळ मात्र पक्की धरू नका. मैदानात पाणी साचलं की व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो आणि रविवारचा बेत बुधवार संध्याकाळवर जातो. बाहेरच्या मैदानांवर पोरांना कोणाच्या तरी गाडीतून न्यावं लागतं, त्यामुळे शेजारपाजारच्या ओळखी त्यातूनच होतात.

क्लबची वर्षाची वर्गणी असते. शिकवणारे बहुतेक पालकच, तेही बिनपगारी. जीएए १८८४ पासून हौशी खेळाडूंचीच संघटना आहे, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऑल-आयर्लंड अंतिम सामना खेळणाऱ्यांनाही पगार नसतो. वर्षभरात तुम्हालाही मदतीला ओढतील. मुलांबरोबर काम करायचं तर आधी पोलिसांकडून पडताळणी होते, तिला वेळ लागतो, अर्ज लवकर भरा.

पुण्याहून बूट आणू नका, इथल्या चिखलाला खिळ्यांचे लागतात. दात वाचवणारा गमशील्ड सक्तीचा आहे, सरावालासुद्धा. आणि मार्चमध्येच येताय, तर जुलै-ऑगस्टच्या कूल कॅम्पची (जीएएचं मुलांसाठी सुट्टीतलं शिबिर) नोंदणी येताक्षणीच बघा. बऱ्याच ठिकाणी जागा लवकर भरतात.