बोंडअळी, नोकरी आणि चौतिसावं वर्ष

प्रश्न : ताई, मी 34 वर्षांचा. बी.एस्सी. (कृषी) करून ठिबकच्या कंपनीत लागलो. आज पाच तालुक्यांतल्या कामांचा प्रकल्प व्यवस्थापक आहे. मजूर, पाइप, अनुदानाचे कागद, सगळं वेळेत बसवतो. पण 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं आमची अर्धी पऱ्हाटी (कपाशी) नेली, तेव्हापासून कीटकशास्त्रात संशोधन करायचं डोक्यात आहे. नोकरी सोडून थेट पीएच.डी.ला अर्ज करू का? घरी आईवडील, बायको, दोन लेकरं.
– एक वाचक, वणी तालुका

उत्तर : भाऊ, थेट नाही होणार. कृषी विद्यापीठात पीएच.डी.ला त्या विषयातली एम.एस्सी. लागते. ती दोन वर्षं, पुढची किमान तीन. म्हणजे चाळिशी गाठाल. कायम शास्त्रज्ञाच्या पदांना वयाची अट असते, ती जाहिरातीत आधी वाचा, मगच घरी विषय काढा.

मी स्वतः 8 वर्षं पाणलोटाच्या कामावर प्रकल्प व्यवस्थापक होते. सदतिसाव्या वर्षी मृदाशास्त्रात पीएच.डी.ला गेले, एम.एस्सी. आधीच झाली होती म्हणून. पहिल्याच खरिपात शेतकऱ्याच्या वावरात प्रयोग मांडला. तक्ता असा सुरेख की काय सांगू! एका तुकड्याला मुद्दाम खत द्यायचं नव्हतं, तुलनेसाठी. ऑगस्टात गेले तर तो तुकडा सगळ्यांपेक्षा हिरवागार. शेजारच्या धुऱ्यावरचे काका म्हणाले, "बाई, एवढाच पिवळा पडला होता, जिवावर आलं. युरिया टाकला मूठभर."

वर्ष गेलं. पाइप उशिरा आले तर तुम्ही चार मजूर वाढवता आणि काम ओढून आणता. खरीप तसा ओढता येत नाही. पण दुसऱ्या वर्षी जुनी नोकरीच कामी आली. रंगवलेल्या खुंट्या ठोकल्या, आजूबाजूच्या पाचही घरी चहा पिऊन तुकडे समजावून सांगितले आणि काकांनाच राखणीला ठेवलं. तुमच्याकडे ही हातोटी आहेच, ती कमी लेखू नका.

राजीनामा मात्र इतक्यात नको. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अशा संस्थांमध्ये प्रकल्पांवर 'यंग प्रोफेशनल' घेतात; वय 21 ते 45, काही जागांना पदवी पुरते. काम कंत्राटी, पगार तुमच्या आजच्यापेक्षा बहुधा कमीच. एवढ्यात घर चालेल का, ते वहिनींना आधी विचारा. मला नंतर कळवा.

आणि येत्या हंगामात एक करा. पेरणीनंतर 45 दिवसांनी वडिलांच्या वावरात एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या गंधानं बोंडअळीचे नर पतंग ओढून धरणारे) लावा. रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज 8 किंवा जास्त सापडले तर ती फवारणीची पातळी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण फवारणी झाली म्हणून मोजणी थांबवू नका. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटलेली राहिलेली फुलं, वेगळ्या रकान्यात लिहा. साइटवर असाल त्या दिवशी वडिलांकडून मोजून घ्या. आणि जो दिवस चुकेल त्याची जागा कोरी ठेवा, अंदाजानं भरू नका. ती वही घेऊन दिवाळीनंतर या.