आधी उत्तर, मग आकडेमोड

अभियांत्रिकीची पदवी हातात आलेल्या किंवा येऊ घातलेल्या वाचकांनी कन्सल्टिंगबद्दल विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. नावं गाळली आहेत, पत्रांना थोडी कात्री लावली आहे.

प्रश्न : यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कन्सल्टिंग कंपन्या अभियंत्यांना घेतात म्हणे, पण तिथं दिवसभर काय करायचं असतं हे कुणीच नीट सांगत नाही. डिझाइन नसतंच का?

असतंही आणि नसतंही, कारण या एका नावाखाली दोन वेगळे धंदे चालतात. पहिला तांत्रिक सल्ल्याचा: पुलाचं डिझाइन तपासणं, कारखान्याचं ऊर्जा ऑडिट करणं, सांडपाणी प्रकल्पाची क्षमता ठरवणं. इथं तुमची शाखा हेच तुमचं भांडवल. दुसरा व्यवस्थापन सल्ल्याचा: नफा का घटला, कोणता कारखाना चालू ठेवायचा, माल वेळेवर का पोचत नाही. इथं शाखा फारसं कुणी विचारत नाही, विचार करण्याची पद्धत बघतात. दोन्हींची पाळंमुळं मात्र कारखान्यात आणि प्रयोगशाळेतच आहेत. सर्वांत जुन्या सल्लागार कंपन्यांपैकी एक, आर्थर डी. लिटल, 1886 मध्ये एका रसायनतज्ज्ञानं सुरू केली. स्टॉपवॉच घेऊन कामाची वेळ मोजायला लावणारा फ्रेडरिक टेलर यंत्र अभियंता होता.

पहिल्या वर्षी हातात ‘धोरण’ वगैरे येत नाही. येतात त्या क्लायंटच्या एक्सेल फाइली. एकच पुरवठादार तीन स्पेलिंगांनी नोंदलेला, तारखेत कुठं दिवस आधी तर कुठं महिना आधी, वजन अर्ध्या ओळींत किलोत आणि उरलेल्यांत टनांत. म्हणून कोणतंही विश्लेषण सुरू करण्याआधी फाइलची एकूण बेरीज क्लायंटच्या हिशेब खात्यातल्या आकड्याशी जुळवून घ्या. फरक एक-दोन टक्क्यांहून जास्त निघाला तर थांबा आणि विचारा. बहुतेकदा एखादा महिना दोनदा आलेला असतो किंवा परत आलेला माल वजा झालेला नसतो. हे न करता बनवलेल्या वीस स्लाइड बैठकीत पहिल्याच मिनिटाला कोसळतात, कारण समोर बसलेल्या माणसाला आपली वार्षिक विक्री पाठ असते.

उरलेला वेळ फोरमनपासून विक्री प्रमुखापर्यंत माणसांशी बोलण्यात आणि स्लाइड घडवण्यात जातो. ज्याला यंत्रापाशी रमायला आवडतं, त्यानं पहिल्या प्रकाराकडे जावं. त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : केस इंटरव्ह्यूत दोनदा नापास झालो. गणित बरोबर होतं, तरी ‘स्ट्रक्चर नाही’ असा शेरा मिळाला. म्हणजे नक्की काय चुकतं?

हा प्रश्न अनेकांनी विचारलाय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. केस इंटरव्ह्यू म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण किंवा अंदाजाचा प्रश्न समोर ठेवून तो तुमच्याकडून तोंडी सोडवून घेणारी मुलाखत. अभियंत्याला चार वर्षं एकच शिस्त लावलेली असते: दिलेली माहिती, सूत्र, पायऱ्या आणि सर्वांत शेवटी चौकटीत उत्तर. इथं क्रम उलटा असतो. उत्तराचा अंदाज आधी, तो खरा ठरायला काय काय खरं असावं लागेल ते नंतर, आणि आकडेमोड फक्त तेवढ्यापुरती.

अंदाजाचा प्रश्न घ्या: दहा लाख वस्तीच्या शहरात लिफ्टची देखभाल करायला किती तंत्रज्ञ लागतील? कागद ओढून गुणाकार सुरू करू नका. आधी तोंडी सांगा, ‘मी लिफ्टची संख्या काढतो, त्यावरून महिन्याच्या फेऱ्या, आणि त्यांना एका माणसाच्या फेऱ्यांनी भागतो.’ मग घरामागे चार माणसं धरली तर अडीच लाख घरं. त्यांतली 40 टक्के लिफ्टच्या इमारतींत, म्हणजे एक लाख. एका लिफ्टमागे 25 घरं, म्हणजे 4,000 लिफ्ट. कार्यालयं, रुग्णालयं, दुकानांसाठी आणखी 2,000 धरा. एकूण 6,000. प्रत्येकीला महिन्यातून एक फेरी, एक तंत्रज्ञ दिवसाला चार करतो आणि महिन्याला 22 दिवस काम करतो, म्हणजे 88. भागाकार 68 येतो. अचानक बंद पडणाऱ्या लिफ्टसाठी एक तृतीयांश वाढवा, साधारण 90.

बहुतेक जण इथं हुश्श करून पेन खाली ठेवतात. गुण खरे यापुढच्या दोन वाक्यांना असतात. एक, पडताळा: 6,000 लिफ्ट म्हणजे 167 माणसांमागे एक, हे पटतं का? दोन, उत्तर कोणत्या गृहीतकावर सर्वांत जास्त हलतं? इथं ते ‘40 टक्के’. बैठ्या घरांचं शहर असेल तर 10 टक्केही जास्त होतील, तेव्हा खरी माहिती मागवायची झाली तर आधी तीच मागवेन, असं सांगा.

नफ्याच्या केसमध्ये अभियंते वेगळ्या खड्ड्यात पडतात. बाटल्या भरणाऱ्या लाइनचं उदाहरण घेऊ. फिलिंगचा वेग मिनिटाला 120 बाटल्या, झाकण लावण्याचा 90, लेबलिंगचा 110. मालकाला नवं, वेगवान फिलिंग मशीन घ्यायचंय. बॉटलनेक, म्हणजे सगळी लाइन अडवणारा सर्वांत हळू टप्पा, झाकणाचा आहे, हे तुम्हाला पाच सेकंदांत दिसतं आणि तुम्ही झाकणाचं नवं मशीन सुचवता. चूक तिथंच होते. ते 90 सुद्धा पूर्ण मिळतात का, हे विचारलंच नाही. विचारलंत तर कळेल की 480 मिनिटांच्या शिफ्टमध्ये ते मशीन 384 मिनिटंच चालतं आणि 5 टक्के बाटल्या बाद होतात. बंद असलेल्या 96 मिनिटांपैकी 70 मिनिटं झाकणाचा आकार बदलण्यात जातात: दोन वेळा, प्रत्येकी 35. असा प्रत्येक बदल, म्हणजे चेंजओव्हर, 15 मिनिटांवर आणला तर शिफ्टला 40 मिनिटं सुटतात. 40 गुणिले 90 गुणिले 0.95, म्हणजे 3,420 चांगल्या बाटल्या जादा. आधीच्या 32,832 च्या मानानं दहा टक्क्यांहून थोडी जास्त वाढ, तीही नवं मशीन न घेता.

आता हे सांगायचं कसं? ‘मशीन घेऊ नका. झाकणाचा चेंजओव्हर 35 वरून 15 मिनिटांवर आणा, उत्पादन दहा टक्के वाढेल. त्यासाठी पुढच्या आकाराचे सुटे भाग लाइन चालू असतानाच ट्रॉलीवर मांडून ठेवावे लागतील.’ एवढंच. नमनालाच घडाभर तेल ओतलंत तर ऐकणारा दुसऱ्या मिनिटाला फोन बघायला लागतो. आणि एक प्रश्न स्वतःहून उपस्थित करा: जादा बाटल्या विकल्या जाणार आहेत का? मागणी नसेल तर सगळी कसरत गोदाम भरण्यासाठी होईल. हा प्रश्न न विचारणारा उमेदवार चांगला इंजिनिअर ठरतो आणि नापास होतो.

सराव जोडीदारासोबत, मोठ्यानं बोलून करा. मनात सोडवलेल्या केसेसचा फारसा उपयोग नाही. पन्नास केसेस वरवर उरकण्यापेक्षा वीस करा आणि प्रत्येकीचा शेवटचा अर्ध्या मिनिटाचा निष्कर्ष रेकॉर्ड करून ऐका. आपण किती ‘म्हणजे’ म्हणतो ते तेव्हा कळतं.

प्रश्न : रेझ्युमेत कॉलेजचा प्रोजेक्ट कसा लिहावा?

‘उष्णता विनिमयकाचा अभ्यास केला’ असं लिहू नका. काय बदललं, किती बदललं आणि त्यात तुमचा स्वतःचा वाटा कोणता, हे दोन ओळींत यावं. आकडा नसेल तर फुगवू नका. मुलाखतीत तोच धागा पकडून उसवतात.

प्रश्न : नोकरी न करता थेट स्वतंत्र सल्लागार म्हणून सुरुवात केली तर? फी किती लावावी?

कायद्यानं तुमची वाट अडतेच असं नाही, पण तीन ते पाच वर्षांच्या अनुभवाआधी सहसा जमत नाही. क्लायंट पदवीचे पैसे देत नाही, तर असले घोटाळे आधी निस्तरलेल्या माणसाला देतो. शिवाय बऱ्याच देशांत बांधकामाच्या किंवा दाबपात्राच्या (प्रेशर व्हेसलच्या) डिझाइनवर परवानाधारक अभियंत्याचीच सही चालते. अपवाद सॉफ्टवेअर, डेटा किंवा सिम्युलेशनसारख्या कामांचा. तिथं हातातलं काम दाखवता येतं.

फीचं गणित बहुतेकांचं एकाच जागी चुकतं: महिन्याचा पगार भागिले कामाचे दिवस. वर्षाचे 365 दिवस, त्यातून शनिवार-रविवारचे 104 गेले, उरले 261. सुट्ट्या आणि आजारपणाचे 31 काढा, राहिले 230. नव्या माणसाच्या यातल्या फार तर 60 टक्के दिवसांचं बिल होतं. बाकीचे काम शोधण्यात, प्रस्ताव लिहिण्यात आणि थकलेले पैसे मागण्यात जातात. म्हणजे हाती 138 दिवस. वर्षाला 100 रुपये कमवायचे असतील आणि सॉफ्टवेअर, विमा, प्रवास, हिशेबनीस यांवर 30 जात असतील, तर 130 भागिले 138, म्हणजे दिवसाला 94 पैसे. पगाराच्या हिशेबानं 100 भागिले 261, म्हणजे 38 पैसे. जवळपास अडीचपट फरक आहे. हा आकडा तोंडातून निघत नाही म्हणून अनेक जण फीचा विषय तिसऱ्या बैठकीपर्यंत ढकलतात. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, पहिल्याच भेटीत दिवसाचा दर सांगून टाका.

करार दोन पानांचा चालेल, पण त्यात काय करणार यापेक्षा काय करणार नाही हे स्पष्ट हवं. ‘अहवालात दोन वेळा दुरुस्त्या, त्यापुढे दिवसाच्या दरानं’ हे एक वाक्य नसल्यामुळे पंधरा दिवसांचं काम तीन महिने लोंबकळतं. माहिती क्लायंटनं कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, उशीर झाल्यास मुदत किती पुढे जाईल, हेही लिहा. 30 टक्के आगाऊ, 40 टक्के कच्च्या अहवालावर, 30 टक्के अंतिम अहवालावर ही विभागणी सोयीची. शेवटचा हप्ता ‘शिफारशी अमलात आल्यावर’ असं कुणी म्हणालं तर नकार द्या, कारण अंमलबजावणी तुमच्या हातात नसते. आणि तुमच्या सल्ल्यामुळे नुकसान झालं तर जबाबदारीची कमाल मर्यादा तुम्हाला मिळालेल्या फीइतकी ठेवा. मोठे क्लायंट घासाघीस करतील, व्यावसायिक जबाबदारीचा विमाही मागतील. त्याचा हप्ता वरच्या 30 रुपयांत आधीच धरलेला असू द्या.

प्रश्न : व्यवस्थापनाची पदवी घ्यावीच लागते का?

सुरुवातीला नाही. मोठ्या कंपन्या अभियंत्यांना थेट विश्लेषक म्हणून घेतात. पण ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह ही तीन कागदपत्रं वाचता आली पाहिजेत. नफा दिसत असूनही कंपनीकडे पगाराला पैसे का नाहीत, हे उधारी आणि साठ्याच्या आकड्यांवरून सांगता आलं, की तेवढ्यापुरती तयारी झाली. एखाद्या नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या आणि आठवडाभर तोच वाचा. टिपांसकट.