विश्वासाच्या नावाखाली सुटणारा आग्रह

प्रश्न : मी २७ वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. ॲपवरून ओळख झालेल्या मित्राशी अधूनमधून शरीरसंबंध येतो. लग्नाचा विषय दोघांच्याही मनात नाही. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे त्याने विचारले की मी निरोधाचा आग्रह सोडते आणि नंतर तातडीची गर्भनिरोधक गोळी घेते. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. ती गोळी ७२ तासांत घेतल्यास गर्भधारणेची शक्यता कमी होते. एचआयव्ही, सिफिलिस वा गनोरिया यांसारख्या लैंगिक संसर्गांपासून ती मुळीच संरक्षण देत नाही. हे तुम्हाला बहुधा ठाऊकही असावे, कारण तुमच्या पत्रावरून दिसते की आग्रह सुटतो तो समोरचा दुरावेल या धास्तीने. निव्वळ सुखासाठी भेटणारी व्यक्ती जिथे बिनदिक्कत अट घालू शकते, तिथे जवळीक हवी असलेली व्यक्ती पुष्कळदा गप्प बसते. (विश्वासाची भाषा करणाऱ्या मित्राने स्वतःची तपासणी केली आहे का, हेही विचाराच.) ऐन वेळी नकार देणे जड जाते, म्हणून निरोधाची अट भेटीपूर्वीच मेसेजवर स्पष्ट करावी. सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व तपासणी) केंद्रांत एचआयव्ही तपासणी मोफत व गोपनीय असते. मात्र संबंधानंतर लगेच आलेला निगेटिव्ह अहवाल निर्णायक नसल्याने तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनच्या १०९७ या निःशुल्क क्रमांकावरही माहिती मिळते.