'किंग ऑफ द हिल' ही अमेरिकन कार्टून मालिका तिथल्या रिपब्लिकन पक्षाचा प्रचार करते का?

नाही, मला तरी तसं अजिबात वाटत नाही. मालिकेचा नायक हँक हिल टेक्सासमधल्या आर्लेन नावाच्या काल्पनिक गावात प्रोपेन गॅस विकतो. रिपब्लिकन, चर्चला जाणारा, अंगणातल्या हिरवळीवर जीव असलेला माणूस. माइक जज आणि ग्रेग डॅनियल्स यांनी १९९७ मध्ये मालिका सुरू केली तेव्हा अशा माणसाची टर उडवणं सोपं होतं. त्यांनी त्याला माणूस म्हणून उभं केलं.

२०००च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर आलेला भाग जरूर बघा. हँक रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्याशी हात मिळवतो आणि त्यांच्या हाताची पकड त्याला ढिली लागते. एवढ्यावरून तो हादरतो, बुशना मत द्यावं की नाही या विचारात पडतो. पक्षापेक्षा त्याला माणसाची पारख मोठी वाटते. प्रचारकी मालिकेनं हे दाखवलंच नसतं.

गावातलं मेगा लो मार्ट हे अवाढव्य दुकानही त्याला खुपतं, कारण ओळखीच्या दुकानदारावर त्याचा विश्वास आहे. आणि बॉबी! पोराला विनोदवीर व्हायचंय, बापाला ते कळतच नाही, तरी तो त्याच्या पाठीशी उभा राहतो. मला सगळ्यात जास्त भिडतं ते हेच.